पाणी जोखणारी

डबा उघडला की मुलं गोळा होतात.
काचेच्या नळ्या, लाल द्रावण, पोचा आलेलं यंत्र.
"लेलिसे मावशी, सरबत करतेस?" ओब्सा विचारतो.
सरबतच म्हण.
पण हे माणसाला नाही, पाण्याला पाजायचं.
लाल तसंच राहिलं तर पाणी बरं.
लाल उडालं, तर पाण्यात ते आहे
ज्याला रंग नाही, वास नाही,
आणि जे आमच्या सगळ्यांच्या तोंडात आहे.

हसताना मी ओठ मिटते.
गावात ही सवय कुणाच्या लक्षात येत नाही,
सगळेच मिटतात.
अदिस अबाबाच्या कॉलेजात पहिल्यांदा कळलं,
फोटोत दात दाखवायचे असतात.

बोअरचं यंत्र तीन दिवस धडधडलं म्हणे.
पाणी वर आलं तेव्हा बैल कापला,
आणि तोलासाने पहिला पेला उन्हात धरला:
"यातून पलीकडचा डोंगर दिसतो!"
दिसत होता.
त्याआधी नदी होती, गढूळ,
गुरांच्या खालच्या अंगाला उभं राहून भरायची.
नदीने माझा भाऊ नेला. बुडाला नाही.
तीन दिवस जुलाब, चौथ्या दिवशी डोळे खोल.
बोअरनंतर तसं एकही मूल गेलं नाही.
हे मी वहीत लिहीत नाही, तसा रकाना नाही.
रकाना आहे फ्लोराइडचा.
दीडच्या आत हवं.
आज नऊ पूर्णांक दोन.

गादिसे, माझी थोरली, नदीवर वाढली.
दात कोवळ्या मक्यासारखे,
तीन घरांतून मागणी आली.
माझे तपकिरी, खवले उडालेले.
मला शिकायला पाठवलं.
कुणाला काय मिळालं, हा हिशेब आम्ही दोघी मांडत नाही.
मांडला, की भाऊ मध्ये येऊन बसतो.

आई विचारते, उकळून घेऊ?
उकळून जंतू मरतात, आई. हे मरत नाही.
पाणी आटतं तसं आणखी दाट होतं.
"म्हणजे इतकी वर्षं मी तुला..."
ती उठते, कॉफीचे दाणे भाजायला घेते.
बराच वेळ भाजते.

दिंकितूच्या दुकानात बाटलीचं पाणी असतं.
लेबलावर बर्फ, जो इथे कुणी पाहिलेला नाही.
पाहुणा आला की एक आणतात;
रिकामी झाली की बोअरचंच भरून
लेबल पुढे करून फळीवर ठेवतात.

पत्र्यावरून उतरलेल्या पावसात लाल जराही उडत नाही.
पण टाकी चार महिने पुरते,
आणि वर्ष चार महिन्यांचं नसतं.

मध्ये हाडांची गाळणी आली होती.
जनावरांची हाडं जाळून केलेला काळा चुरा,
पिंपात भरलेला. पाणी त्यातून थेंबथेंब.
"कुठल्या जनावराची?" धर्मगुरू गिर्मांनी विचारलं.
गाईची, संस्थेचा माणूस म्हणाला.
"कापताना तुम्ही पाहिली?"
नव्हती पाहिली.
पिंप आता शाळेमागे आहे. कोंबडी त्यात अंडी घालते.
मला मात्र ती युक्ती पटली होती:
आपल्या हाडांत शिरण्याआधी
त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी हाडांत शिरावं.
तोलासाची पाठ लाकूड झालीय.
हाक मारली तर मान वळत नाही, अख्खा माणूस वळतो.
तोच, ज्याला पेल्यातून डोंगर दिसला होता.

संध्याकाळी नळ्या विसळते. कुठल्या पाण्याने विसळू,
हा विचार दरवेळी येतो.
ओब्सा, गादिसेचा मुलगा, मांडीशी येऊन बसतो.
दुधाचा दात पडलाय, तो मुठीत आहे.
"नवा आलाय, मावशी. बघ ना, कसा आहे?"
तो आ करतो.
फिकट लालातले नऊ फरक मला नुसत्या डोळ्यांनी कळतात.
उजेड कमी आहे रे, म्हणते,
सकाळी बघू,
आणि खिशातली बॅटरी खिशातच ठेवते.